समुद्र मोजणारे फ्लोट, बोये (समुद्रात नांगरून ठेवलेली तरंगती यंत्रं) आणि देशोदेशींची भागीदारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि एकूणच हिंदी महासागर कोण मोजतं, कशानं मोजतं, त्याचा आपल्या पावसाशी आणि मासळीशी काय संबंध, आणि एवढे सगळे देश एकमेकांना माहिती का देतात, हे प्रश्न सारखे विचारले जातात म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहितोय.

समुद्र मोजतात म्हणजे नक्की काय मोजतात?

मुख्यतः तापमान आणि खारटपणा, तेही नुसतं वरवरचं नाही तर खोलवर. त्याशिवाय प्रवाह, लाटा, पाण्याची पातळी, विरघळलेला ऑक्सिजन, क्लोरोफिल म्हणजे सूक्ष्म वनस्पती किती आहेत ते. सॅटेलाइट वरून बराच भाग बघतो पण त्याला फक्त पृष्ठभाग दिसतो, पाण्याखाली शंभर मीटरवर काय चाललंय ते सॅटेलाइटला अजिबात कळत नाही, आणि समुद्राची सगळी साठवलेली उष्णता तर तिथेच असते. म्हणून पाण्यात प्रत्यक्ष काहीतरी उतरवावंच लागतं.

आर्गो फ्लोट म्हणजे काय? तो आपोआप वर-खाली कसा करतो?

माणसाच्या छातीएवढ्या उंचीचं, वीस-तीस किलोचं एक नळकांडं, वर अँटेना. त्याला पंखा नाही, प्रोपेलर नाही, सुकाणू नाही, प्रवाह नेईल तिकडे जातो. पण वर-खाली मात्र स्वतःहून होतो आणि त्याची युक्ती मला फार आवडते. आत थोडं तेल असतं आणि बुडाला बाहेरच्या बाजूला एक रबरी पिशवी असते. पंपानं तेल बाहेरच्या पिशवीत ढकललं की फ्लोटचं वजन तेवढंच राहतं पण आकार वाढतो, म्हणजे घनता कमी होते आणि तो वर यायला लागतो. तेल परत आत ओढलं की आकार घटतो आणि तो बुडतो. बस एवढंच.

ठरलेलं चक्र दहा दिवसांचं असतं. आधी १००० मीटरवर जातो आणि तिथे नऊ-एक दिवस प्रवाहाबरोबर वाहत राहतो, मग २००० मीटरपर्यंत खाली उतरतो आणि तिथून सेकंदाला साधारण १० सेंटीमीटर अशा वेगानं वर येत येत तापमान, खारटपणा आणि दाब मोजत येतो. म्हणजे वर पोचायला साडेपाच-सहा तास लागतात. पृष्ठभागाच्या अगदी जवळ आला की सेन्सरमधून पाणी खेचणारा पंप बंद करतात, कारण वरच्या पाण्यावर तेलकट तवंग, घाण असते आणि ती आत गेली तर खारटपणाचं माप कायमचं बिघडू शकतं. वर आला की सॅटेलाइटला डेटा पाठवतो, आपली जागा सांगतो आणि परत खाली. जुन्या फ्लोटना डेटा पाठवायला आठ-दहा तास पाण्यावर तरंगत बसावं लागायचं, तेवढ्यात जहाजाची धडक, कोणाच्या तरी हाती लागणं, शेवाळ चढणं असं काहीही व्हायचं. आता इरिडियम सॅटेलाइटमुळे पंधरा-वीस मिनिटांत काम उरकतं. बॅटरी साधारण चार-पाच वर्षं टिकते.

असे किती फ्लोट आहेत आणि ते कोणाचे?

जगभर सुमारे ४०००. तीसेक देश मिळून हा आर्गो कार्यक्रम चालवतात. पहिले फ्लोट १९९९-२००० च्या सुमारास सोडले, नोव्हेंबर २००७ मध्ये ३००० चा टप्पा गाठला, आणि २०१२ मध्ये दहा लाखावं प्रोफाइल झालं, प्रोफाइल म्हणजे खालून वरपर्यंतची एक पूर्ण मोजणी. त्याआधीच्या शंभर वर्षांत जहाजांनी जेवढं खोल समुद्रात मोजलं त्याच्यापुढे ही रास केवढी तरी मोठी आहे, आणि महत्त्वाचं म्हणजे ती वर्षभर आहे. जहाजं बहुतेक बऱ्या हवामानातच जातात, त्यामुळे जूनमधला खवळलेला अरबी समुद्र किंवा दक्षिण महासागरातला हिवाळा याचा डेटा आधी जवळजवळ नव्हताच. फ्लोटला वादळाशी काही घेणंदेणं नाही, तो खाली निवांत असतो.

मालकी ज्या देशानं सोडला त्याची. एकच मोठी संस्था सगळ्यांचे पैसे भरते असं काही नाही, प्रत्येक देश आपापले फ्लोट विकत घेतो किंवा बनवतो, आपल्या खर्चानं सोडतो, फक्त नियम सगळ्यांचे सारखे. एका साध्या फ्लोटची किंमत वीस-तीस हजार डॉलरच्या घरात जाते आणि संख्या टिकवायची तर दरवर्षी जगभर मिळून सात-आठशे नवे सोडावे लागतात. यात अमेरिकेचा वाटा सगळ्यात मोठा आहे, साधारण निम्मा, आणि ही गोष्ट पुढे पैशाच्या प्रश्नात परत येईल.

दुसऱ्या देशाचा फ्लोट वाहत वाहत आपल्या हद्दीत आला तर? ही हेरगिरी नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि रास्तच आहे. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत त्या त्या देशाचं अनन्य आर्थिक क्षेत्र असतं, आणि १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याप्रमाणे तिथे दुसऱ्यानं संशोधन करायचं तर त्या देशाची परवानगी लागते. आता जहाज परवानगी मागू शकतं, त्याला माहीत असतं आपण कुठे चाललोय. फ्लोटचं काय करणार, तो कुठे जाईल हे सोडणाऱ्यालाही माहीत नसतं. तर यावर युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगात बराच खल झाला. १९९९ मध्ये एक ठराव झाला की जे फ्लोट आर्थिक क्षेत्रात जाण्याची शक्यता आहे त्यांची माहिती त्या देशाला आधी द्यायची, आणि २००८ मध्ये त्याच्या मार्गदर्शक सूचना आणखी पक्क्या केल्या. ज्या देशाला हवंय त्याला कळवलं जातं की अमुक फ्लोट तुमच्या हद्दीत शिरायच्या बेतात आहे. फ्रान्समधल्या ब्रेस्टला एक समन्वय केंद्र आहे, तिथे प्रत्येक फ्लोट कुठे आहे त्याची नोंद असते आणि कोणीही नकाशावर बघू शकतो.

हेरगिरीबद्दल बोलायचं तर खोल पाण्याचं तापमान आणि खारटपणा हा पाणबुडीवाल्यांच्या कामाचा विषय आहेच, कारण पाण्यात आवाज कसा वळतो ते त्यावर ठरतं, हे लपवण्यासारखं नाही. पण आर्गोचा डेटा सगळ्यांना एकाच वेळी मिळतो. ज्याच्या हद्दीत मोजलं त्यालाही आणि ज्यानं मोजलं त्यालाही. चोरून ठेवण्यासारखं काही उरतच नाही, आणि माझ्या मते हा सगळा कार्यक्रम इतकी वर्षं टिकला तो या एका नियमामुळे टिकला.

डेटा खरंच फुकट आहे? मला घरी बसून बघता येईल?

हो. पाण्यावर आल्यापासून २४ तासांच्या आत मशीननं तपासलेला डेटा जगभरच्या हवामान केंद्रांना जातो, आणि साधारण वर्षभरात तज्ज्ञ माणसं तो नीट तपासून, सेन्सरची चूक दुरुस्त करून परत टाकतात. दोन मुख्य साठे आहेत, एक फ्रान्सला आणि एक अमेरिकेत, दोन्हीकडे तोच डेटा, एक बंद पडला तरी दुसरा चालू. हिंदी महासागरासाठी हैदराबादच्या इन्कॉइसकडेही, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडेही, मिळतो. लॉगिन नाही, फी नाही. फाइल नेटसीडीएफ प्रकारात असतात, पायथॉन थोडं येत असेल तर आर्गोपाय नावाची लायब्ररी आहे, चार ओळींत रत्नागिरीसमोरच्या समुद्राचं प्रोफाइल काढता येतं. बीएससीच्या प्रोजेक्टला याहून चांगला विषय मला सुचत नाही, कारण हाच डेटा जगातल्या मोठ्या लॅबमधले लोक वापरतायत आणि तुमच्याकडेही तोच आहे. फक्त एक सांभाळा, प्रत्येक आकड्याबरोबर क्वालिटी फ्लॅग असतो, १ म्हणजे चांगला, ४ म्हणजे वाईट, तो न बघता ग्राफ काढलात तर भलतंच काहीतरी दिसेल.

भारत यात कधीपासून आहे?

फ्लोटचं म्हणाल तर २००२ च्या आसपासपासून. पण भागीदारीची गोष्ट त्याच्या खूप आधीची आहे. १९५० च्या दशकाअखेरपर्यंत हिंदी महासागर हा सगळ्यात कमी मोजलेला महासागर होता. मग आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम ठरली, १९६० ते १९६५ च्या दरम्यान दहापेक्षा जास्त देशांची चाळीसेक जहाजं इकडे येऊन मोजून गेली. शीतयुद्ध ऐन भरात होतं, तरी अमेरिका आणि सोव्हिएत युनियन दोघांचीही जहाजं याच मोहिमेत होती. भारताच्या बाजूनं डॉ. एन. के. पणिक्कर यांनी धुरा सांभाळली आणि मोहीम संपली तेव्हा जमलेली माणसं आणि शिकलेलं शास्त्र वाया जाऊ नये म्हणून १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था म्हणजे एनआयओ सुरू झाली, पणिक्करच तिचे पहिले संचालक. गोव्यात दोना पावलाला टेकडीवर जी संस्था आहे ती हीच. गोवा तेव्हा मुक्त होऊन चारच वर्षं झाली होती. पन्नास वर्षांनी, डिसेंबर २०१५ मध्ये, दुसरी आंतरराष्ट्रीय मोहीमही गोव्यातूनच सुरू झाली.

पुढे १९९३ मध्ये चेन्नईला एनआयओटी आली, ती यंत्रं बनवण्याचं आणि बोये सांभाळण्याचं काम करते, १९९९ मध्ये हैदराबादला इन्कॉइस, ती डेटा आणि इशारे बघते. गोव्यातच वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र आहे. आणि पुण्याचं आयआयटीएम, म्हणजे हवामानावर संशोधन करणारी संस्था, त्याबद्दल मान्सूनच्या प्रश्नात सांगतो.

एक जुनं काम मला आवर्जून सांगायचंय. एनआयओ १९९० पासून साध्या प्रवासी आणि मालवाहू जहाजांवरून एक्सबीटी सोडत आलीय, चेन्नई-पोर्ट ब्लेअर, पोर्ट ब्लेअर-कोलकाता आणि मुंबई-मॉरिशस अशा मार्गांवर. एक्सबीटी म्हणजे छोटं जस्ताच्या नाकाचं यंत्र, चालत्या जहाजावरून पाण्यात टाकायचं, त्याच्यामागे केसासारखी बारीक तांब्याची तार उलगडत जाते, त्या तारेतून तापमान वर येतं आणि शेवटी तार तुटते. जहाज थांबवावं लागत नाही. एकाच मार्गावर वर्षानुवर्षं असं मोजत राहणं ही फार चिकाटीची गोष्ट आहे आणि तिचं कौतुक पुरेसं होत नाही.

फ्लोट असताना नांगरलेले बोये कशाला?

फ्लोट दहा दिवसांनी एकदा मोजतो आणि दर वेळी वेगळ्या जागी असतो. बोया एकाच जागी राहतो आणि तासातासाला सांगतो, वर वारा, हवेचा दाब, पाऊस, ऊन आणि खाली दोरावर लावलेल्या सेन्सरमधून पाचशे मीटरपर्यंतचं पाणी. चक्रीवादळ वरून गेलं तर त्या दोन दिवसांत समुद्र कसा थंड झाला ते बोयाच सांगू शकतो.

हिंदी महासागरात रामा नावाचं बोयांचं जाळं आहे, २००४ मध्ये त्याची आखणी झाली, ४६ जागा ठरवल्या. अमेरिकेची नोआ ही हवामान आणि समुद्राची सरकारी संस्था बोये आणि सेन्सर देते, भारत, इंडोनेशिया, जपान असे देश जहाजाचा वेळ देतात, आणि खरी महाग गोष्ट जहाजाचा वेळच असते, बोया नव्हे. दरवर्षी जाऊन जुना काढायचा, नवा लावायचा, तीन-चार किलोमीटर खोल पाण्यात नांगर टाकायचा. सोमालियाच्या बाजूला चाचेगिरी होती तेव्हा पश्चिमेकडचे बोये लावायला जहाजं जाऊच शकत नव्हती आणि ते काम बरीच वर्षं रखडलं. याशिवाय एनआयओटीचे स्वतःचे ओम्नी बोये अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात आहेत.

मच्छीमार बोये तोडतात हे खरं आहे का?

तोडफोड होते हे खरं आहे, जगात सगळीकडे होते. पण त्याचं कारण समजून घ्या. खोल समुद्रात कुठलीही तरंगती वस्तू असली की तिच्या सावलीला छोटे मासे जमतात, त्यांच्यामागे मोठे येतात, कुपा येतो. मग बोटी येतात. बोट बोयाला बांधून ठेवली की डिझेल वाचतं. जाळं अडकतं, दोर कापावा लागतो, केबल तुटते, कधी सोलर पॅनल आणि बॅटरी काढून नेतात. कोणाला वाटतं ही लोखंडाची बेवारस वस्तू आहे.

मला वाटतं यात दोष देण्याऐवजी सांगायला हवं होतं आणि ते उशिरा सुरू झालं. ज्या बोयाचा सेन्सर तुटतो त्याच बोयावरून लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज तपासला जातो आणि तोच अंदाज परत बंदरावर येतो. हे बंदरातल्या सोसायटीत बसून, तांडेलांना त्यांच्या भाषेत, नकाशा दाखवून सांगितलं तर लोक ऐकतात, कारण वादळात अडकण्याची भीती त्यांच्याइतकी कोणालाच माहीत नाही. बोया दिसला तर लांबून जा, बांधू नका, एवढंच मागणं आहे.

या सगळ्याचा आपल्या पावसाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. मान्सूनचं बाष्प हिंदी महासागरातून येतं आणि समुद्राच्या कुठल्या भागात किती उष्णता साठलीय त्यावर वारे, ढग सगळं हलतं. आपण एल निनोचं नाव ऐकतो, तो पॅसिफिकमध्ये असतो. आपल्याच महासागरात तसाच एक झोका आहे, इंडियन ओशन डायपोल, १९९९ मध्ये जपानमध्ये काम करणाऱ्या साजी नावाच्या भारतीय शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो दाखवून दिला. त्यात कधी आफ्रिकेकडची बाजू गरम आणि सुमात्राकडची थंड होते, कधी उलट. १९९७ मध्ये शतकातला एक सगळ्यात मोठा एल निनो होता, सगळ्यांनी दुष्काळाची भीती घातली होती, पण भारतात पाऊस सरासरीएवढा झाला, आणि त्या वर्षी डायपोल आपल्या बाजूनं, म्हणजे आफ्रिकेकडची बाजू गरम असा, जोरात होता हे त्यामागचं एक मोठं कारण मानतात. २००२ मध्ये एल निनो त्यापेक्षा पुष्कळ साधा होता तरी जुलै कोरडा गेला आणि देशभर दुष्काळ पडला.

आता यात पुणे कुठे येतं? आर्गो, बोये, सॅटेलाइट सगळ्यांचा डेटा इन्कॉइसमध्ये एकत्र करून आजच्या समुद्राचं चित्र तयार करतात, म्हणजे कुठे किती खोलीवर किती तापमान. ते चित्र पाषाणच्या आयआयटीएममध्ये तयार झालेल्या मॉडेलला सुरुवातीची स्थिती म्हणून देतात, आणि त्यावरून हवामान खातं हंगामाचा अंदाज काढतं. २०१२ पासून मान्सून मिशनमध्ये यावर मोठं काम झालंय. सुरुवातीची स्थिती चुकली तर मॉडेल कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. म्हणजे विदर्भातल्या कापूसवाल्यानं एप्रिलमध्ये ऐकलेल्या अंदाजात सुमात्राजवळ कुठल्यातरी दुसऱ्या देशानं सोडलेल्या फ्लोटचा वाटा असतो. आपल्या पावसाची बरीचशी गोष्ट दुसऱ्यांच्या पाण्यात सुरू होते, म्हणून एकट्या भारतानं कितीही फ्लोट घेतले तरी भागणार नाही.

बंगालच्या उपसागराचं वेगळंच आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेचं एवढं गोडं पाणी येतं की वरचा थर हलका राहतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यात सहज मिसळत नाही, त्यामुळे वर उष्णता टिकते. हे नीट समजण्यासाठी २०१६ च्या पावसाळ्यात भारत आणि ब्रिटनच्या लोकांनी बॉबल नावाची मोहीम केली, एनआयओचं सिंधू साधना जहाज आणि ब्रिटिशांचे पाण्याखालचे ग्लायडर. यंत्रं एकाची, जहाज एकाचं, प्रश्न दोघांचा. भागीदारी बहुतेक अशीच चालते.

निसर्ग, तौक्ते अशी वादळं आपल्याकडे वाढलीत का?

पुण्याच्या आयआयटीएमच्या अभ्यासाप्रमाणे १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. पश्चिम हिंदी महासागराचं उन्हाळी तापमान गेल्या शतकात साधारण १.२ अंशांनी वाढलं असंही तिथल्याच लोकांनी २०१४ मध्ये दाखवलं. ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा झोपल्या. वर्षही झालं नाही तर मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर गेलं, मुंबई हायजवळ पी-३०५ बार्ज बुडाला आणि त्यात कितीतरी माणसं गेली.

वादळ पृष्ठभागाच्या उष्णतेवर जगतं, पण ते पाणी ढवळतं आणि खालचं थंड पाणी वर आणतं. खाली थंड पाणी जवळच असेल तर वादळाचं इंधन तिथेच कमी होतं. २६ अंशांचं पाणी खूप खोलपर्यंत असेल तर कितीही ढवळलं तरी गरमच, आणि वादळ एका दिवसात रौद्र होतं. म्हणून २६ अंशांची रेषा किती मीटरवर आहे हे बघावं लागतं आणि ते सॅटेलाइट थेट मोजू शकत नाही, पाण्याची फुगलेली उंची बघून अंदाज करतो आणि तो अंदाज तपासायला परत आर्गोच लागतो.

वारा नसताना कोकणात मोठ्या लाटा कुठून येतात?

लांबून. दक्षिण महासागरात खूप खाली वादळं होतात, त्यांच्या लाटा काही दिवस प्रवास करत आपल्या किनाऱ्यावर येतात, केरळात त्यांना कल्लक्कडल म्हणतात. हिवाळ्यात तर इराणच्या आखातातल्या शमाल वाऱ्याच्या लाटा वायव्येकडून गोवा-रत्नागिरीपर्यंत पोचतात, एनआयओच्या लोकांनी लाटा मोजणाऱ्या बोयांवरून हे दाखवलं. इन्कॉइस उंच लाटांचे इशारे देते, उधाणाच्या दिवशी ते बघून मगच होडी लोटा.

त्सुनामीचा इशारा आपल्याला मिळेल का?

२६ डिसेंबर २००४ ला हिंदी महासागरात इशाऱ्याची यंत्रणाच नव्हती. सुमात्राहून लाट तामिळनाडूला यायला दोन तासांच्या वर लागले, म्हणजे वेळ होता पण सांगणारं कोणी नव्हतं, आणि सगळ्या देशांत मिळून दोन लाखांहून जास्त माणसं गेली. त्यानंतर १५ ऑक्टोबर २००७ ला इन्कॉइसमध्ये भारताचं केंद्र सुरू झालं. भूकंपमापक, समुद्रतळावर पाण्याचा दाब मोजणारी यंत्रं आणि किनाऱ्यावरचे भरती-ओहोटी मोजणारे गेज अशी तिहेरी व्यवस्था आहे. तळावरचं यंत्र आवाजाच्या लहरींनी वरच्या बोयाशी बोलतं, बोया सॅटेलाइटशी. २०११ पासून भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया हे तिघे अख्ख्या हिंदी महासागराला माहिती पुरवतात.

आपल्याकडे लोकांना वाटतं त्सुनामी पूर्व किनाऱ्याचा विषय आहे. तसं नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये आताच्या पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला होता, त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या आणि इथेही माणसं दगावली. त्यामुळे अरबी समुद्रातले बोये आणि पाकिस्तान, ओमान, इराणकडचे गेज आपल्यासाठीही तितकेच गरजेचे आहेत, राजकारण काहीही असो.

मासळी कुठे मिळेल ते सांगतात, ते खरं असतं का?

इन्कॉइस संभाव्य मत्स्य क्षेत्राची सूचना देते, मराठीतही. कुठल्या बंदरापासून कुठल्या दिशेला, किती किलोमीटर, पाणी किती खोल. हे सॅटेलाइटनं बघितलेलं तापमान आणि क्लोरोफिल यावरून काढतात, गरम-थंड पाणी जिथे भेटतं तिथे खाद्य जमतं आणि मासे येतात. ढग असले की सूचना नाही, आणि १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत तर नाहीच. शोधाशोध कमी होते, डिझेल वाचतं, हा फायदा खरा आहे. पण ती मासे जमण्याची जागा सांगते, किती मिळेल ते नाही, आणि समुद्रात मासे वाढवत तर अजिबात नाही. सगळ्याच ट्रॉलर आणि पर्ससीनवाल्यांना एकच जागा कळली आणि मर्यादा कोणी पाळली नाही तर छोट्या होडीवाल्याच्या वाट्याला काय येणार, हा प्रश्न शास्त्राचा नाही, नियमांचा आहे आणि तो सोडवायलाच हवा.

अरबी समुद्रात ऑक्सिजन कमी होतोय म्हणतात?

अरबी समुद्राच्या मधल्या थरात, साधारण १५० ते १००० मीटरच्या दरम्यान, ऑक्सिजन नैसर्गिकरीत्याच जवळजवळ संपलेला असतो. शिवाय पावसाळ्याच्या शेवटी असं पाणी आपल्या उथळ किनाऱ्यावरही चढतं. गोव्यात कांदोळीसमोर एनआयओ १९९० च्या दशकापासून एकाच ठिकाणी जाऊन हे मोजतेय. नव्या फ्लोटमध्ये ऑक्सिजन, नायट्रेट, आम्लता, क्लोरोफिल अशी सहा मापं असतात पण ते खूप महाग पडतात म्हणून संख्या कमी आहे. काही फ्लोट ४००० ते ६००० मीटरपर्यंतही जातात.

बॅटरी संपल्यावर फ्लोट समुद्रातच राहतो, हा कचरा नाही का?

आहे, आणि यावर उगाच सारवासारव करू नये. बहुतेक फ्लोट शेवटी बुडतात, ॲल्युमिनियम, प्लास्टिक, बॅटरी सगळं घेऊन. एकेक गोळा करायला जहाज पाठवलं तर त्या जहाजाचं तेल जाळून होणारं नुकसान जास्त होईल, हा हिशोब पटण्यासारखा आहे. माझ्या मते खरा उपाय म्हणजे एक फ्लोट जास्त वर्षं टिकवणं, आणि बॅटरी सुधारून ते होतही आहे.

किनाऱ्यावर पिवळं किंवा काळं नळकांडं सापडलं तर?

उघडू नका. आत लिथियम बॅटरी असू शकते, आणि पाणी शिरलेलं असेल तर आत दाबही साठलेला असतो. भंगारात तर देऊच नका. अंगावर लेबल असतं, फोटो काढा, सागरी पोलिसांना किंवा एनआयओ, इन्कॉइसला कळवा.

पैसे बंद झाले तर काय होईल?

हे एकदा झालेलं आहे. पॅसिफिकमध्ये एल निनो बघण्यासाठी बोयांचं मोठं जाळं होतं. २०१२ नंतर अमेरिकेत बजेट कापलं, देखभालीचं जहाज काढून घेतलं आणि दोनेक वर्षांत बोयांकडून येणारा डेटा घसरून ४० टक्क्यांच्या आसपास आला. नंतर पैसे मिळाले, जाळं सावरलं, पण मधली गेलेली मोजमापं गेली ती गेली. समुद्राचं असंच आहे, २०१३ चं तापमान २०२५ मध्ये जाऊन मोजता येत नाही.

म्हणून एका देशावर निम्मा भार असणं धोक्याचं आहे, आणि भारतानं स्वतःचा वाटा वाढवायला हवा असं मला अगदी मनापासून वाटतं. नवीन पाणबुडीच्या फोटोला बातमी मिळते, दरवर्षी तेच तेच बोये बदलण्याच्या खर्चाला मिळत नाही. मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून समुद्राची पातळी मोजलेली आहे. तेव्हाच्या माणसांनी रोजच्या रोज ती नोंद ठेवली म्हणून आज आपण मुंबईजवळ समुद्र किती चढला ते सांगू शकतो. त्यांना थोडंच माहीत होतं आपण ते कशासाठी वापरू.

एआय आल्यावर एवढं मोजायची गरज राहील का?

एआय शिकतं ते याच डेटावर. गरज वाढलीय.

या क्षेत्रात यायचं तर काय शिकावं?

फिजिक्स, गणित, केमिस्ट्री, बायो, इंजिनिअरिंग, कुठूनही येता येतं. गोवा विद्यापीठात मरीन सायन्सचं एमएस्सी आहे, कोचीन आणि आंध्र विद्यापीठातही समुद्रविज्ञान शिकवतात, बंगळुरूच्या आयआयएससीत वातावरण आणि समुद्राचं केंद्र आहे, एनआयओत पीएचडी करता येते. हैदराबादला इन्कॉइसमध्ये युनेस्कोशी जोडलेलं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे आफ्रिका आणि आशियातल्या देशांतले लोक येऊन छोटे कोर्स करतात. कोडिंग शिकाच, आता त्याशिवाय चालत नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना तर फार वाव आहे, सेन्सर अजून बरेचसे बाहेरून घ्यावे लागतात आणि कोणीतरी ते इथे चांगले बनवायला हवेत. जहाजावर जायची संधी मिळाली तर सोडू नका, पहिले दोन-तीन दिवस उलट्या होतात, मग सवय होते. आणि डिप्लोमा किंवा आयटीआयवाल्यांनी मागे राहू नये, डेकवर विंच चालवणारा, वायर जोडणारा, गाठ पक्की मारणारा माणूस नसेल तर पीएचडीवाल्यांचं एकही यंत्र पाण्यात जात नाही.